दात, हाडं आणि विहीर : मराठवाड्याच्या पाण्याचा एक इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानात दात आणि हाडं कुठून आली, असं विषय वाचून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. वाटणं साहजिक आहे. आपल्या शहराचा इतिहास म्हटलं की मलिक अंबर, औरंगजेब, निजाम, मुक्तिसंग्राम ही नावं पटापट समोर येतात. त्यांचे कागद आहेत, फर्मानं आहेत, इमारती उभ्या आहेत. पण ज्यांनी एकही कागद मागे ठेवला नाही, त्यांचं काय? त्यांचा एकच पुरावा उरतो : हाडं आणि दात. बाकीचं शरीर मातीत मिसळतं, हे दोन टिकतात, कारण ते मुख्यतः खनिजांचे बनलेले असतात. आणि ही खनिजं येतात कुठून? ताटातून आणि घागरीतून.

आज आम्हाला एवढंच सांगायचं आहे. पाण्याचा उगम बदलला की शरीरातल्या खनिजांचा हिशेबही बदलतो. आणि तो बदल लोकांच्या ध्यानात येईपर्यंत बऱ्याचदा एक पिढी हातची गेलेली असते. मराठवाड्यात हे घडलेलं आहे, आणि काही गावांत अजून घडतं आहे.

पेव आणि शिलालेख

आधी थोडं शरीरशास्त्र, पुढचं समजायला लागेल तेवढंच.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत, पण त्याच्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल, मज्जातंतूंचे संदेश हे सगळं चालतं. म्हणून रक्तातलं कॅल्शियम शरीर सहसा ढळू देत नाही. जेवणातून पुरेसं आलं नाही, तर गळ्यातल्या चार छोट्या परावटू ग्रंथी हुकूम सोडतात : हाडातून काढा.

आपल्याकडे पूर्वी गावोगावी धान्याची पेवं असायची. सुगीत भरायची, दुष्काळात उघडायची. हाड हे शरीराचं पेव आहे. दर वर्षी भर पडत राहिली तर ठीक. नुसता उपसा चालला तर एक दिवस पेव रिकामं होतं, आणि मग साधं घसरून पडल्यावरही खुब्याचं हाड मोडतं. भर पडायला कॅल्शियम लागतं, फॉस्फरस लागतो, मॅग्नेशियम लागतं, आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला ड जीवनसत्त्व लागतं. यातलं एकटं कुणी काम करत नाही.

दाताचं वरचं कवच मात्र निराळं आहे. त्याला आपण दंतवल्क म्हणतो, इंग्रजीतला एनॅमल. त्यात जिवंत पेशी नसतात. ते एकदाच घडतं. अक्कलदाढा सोडल्या तर कायमच्या दातांची ही कवचं जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत हिरडीच्या आत तयार होतात. त्या आठ वर्षांत मुलाला काय मिळालं, काय मिळालं नाही, हे त्या कवचावर कोरलं जातं आणि पुढे पुसता येत नाही. हाड हे पेव असेल, तर दात हा शिलालेख आहे.

आता तिसरं पात्र, फ्लोराइड. हाडाचं आणि दाताचं मूळ खनिज म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक. फ्लोराइड त्या स्फटिकांत शिरून बसतं. थोडं असेल तर दात किडण्यापासून वाचतो, म्हणून टूथपेस्टमध्ये घालतात. जास्त झालं तर मात्र घडणाऱ्या दाताचं कवच सच्छिद्र होतं, त्यावर आधी खडूसारखे पांढरे आणि मग पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. वर्षानुवर्षं जास्त झालं तर सांध्यांभोवतीच्या अस्थिबंधांत खनिज साचतं, पाठीचा कणा ताठरतो, मान वळत नाही. या रोगाला फ्लोरोसिस म्हणतात.

इनामगावची मुलं

दात हा शिलालेख आहे असं आम्ही म्हटलं, तर तो वाचणारे लोकही आपल्याच महाराष्ट्रात आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगावला उत्खनन केलं. त्याआधी नेवाशाला आणि पुढे प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्खननं झाली. नेवासं तर आपल्याला जवळच. नगरच्या रस्त्याने जाताना फाटा लागतोच. ही सगळी ताम्रपाषाण युगातली शेतकरी गावं, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची.

इनामगावला दोनशेहून अधिक दफनं मिळाली आणि त्यांतली बहुसंख्य लहान मुलांची होती. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यात मूल, आणि हे राहत्या घराच्या जमिनीखाली. या सांगाड्यांवर जॉन ल्युकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी काम केलं. दुधाच्या दातांचं कवच आईच्या पोटातच घडायला लागतं. म्हणजे दुधाच्या दातावर खोच दिसली, तर ती त्या काळातल्या एखाद्या गरोदर बाईच्या उपासमारीची किंवा आजारपणाची खूण असू शकते. जिचं नाव सोडा, भाषासुद्धा आपल्याला माहीत नाही, तिच्याबद्दल आपण एवढं बोलू शकतो.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास इनामगावात मोठे बदल झाले. मोठी चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासा आणि दायमाबादच्या मुलांच्या हाडांचा नव्याने अभ्यास केला. इनामगावच्या या उत्तर काळातल्या मुलांच्या वाढीवर जास्त ताण दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आणखी एक गोष्ट. इनामगावात बांध घालून पाणी वळवणारा पाटही सापडला. म्हणजे या मुलुखात पाणी धरून ठेवायची खटपट तेव्हापासूनची आहे. आणि पाण्यातल्या फ्लोराइडचा त्रासही नवा नाही. बलुचिस्तानातल्या मेहरगढला नवाश्मयुगातल्या माणसांच्या दातांवर अभ्यासकांना फ्लोरोसिसच्या खुणा मिळाल्या आहेत.

नहरीचं पाणी

आता थेट आपल्या शहरात येऊ. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि काही वर्षांतच, १६१८ च्या सुमारास, नहर-ए-अंबरी सुरू केली. तिचं तंत्र सगळ्यांनी ऐकलेलं आहे, पण आजच्या विषयाच्या अंगाने एकदा बघू. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याशी जमिनीखालचं झिरपणारं पाणी गोळा करायचं, भुयारी मार्गाने उताराउताराने शहरात आणायचं, आणि मधेमधे मनोरे उभारून हवा आणि दाब सांभाळायचा. पुढे या पद्धतीच्या आणखी नहरी झाल्या. पाणचक्की त्यातल्याच एकीवर फिरली.

हे पाणी उथळ होतं. पावसाचं पाणी मुरायचं, झिजलेल्या खडकातून झिरपायचं आणि फार काळ आत न राहता नहरीत यायचं. आपला खडक बेसॉल्ट, दख्खनचा काळा पाषाण. यातून आलेलं पाणी बहुधा जड असतं. डाळ लवकर शिजत नाही, पातेल्याला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. आपण त्याला नावं ठेवतो. पण तो पांढरा थर मुख्यतः कॅल्शियमचा आणि मॅग्नेशियमचा आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ७५ मिलीग्रॅमपर्यंत कॅल्शियम चांगलं मानतात. असं पाणी माणूस दिवसाला तीन लिटर प्यायला, तर सव्वादोनशे मिलीग्रॅम कॅल्शियम नुसत्या पाण्यातून आलं. मोठ्या माणसाची रोजची शिफारस १००० मिलीग्रॅमची आहे. म्हणजे पाव हिस्सा जवळजवळ घागरीतच आहे.

आणि यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की फ्लोराइड सहसा वाढू शकत नाही. दोघं मिळून कॅल्शियम फ्लोराइड तयार होतं, ते फारसं विरघळत नाही. उलट जिथे पाणी चुनखडीच्या रूपात आपलं कॅल्शियम जमिनीतच सोडून येतं आणि सोड्यासारखं खारट-अल्कधर्मी होतं, तिथे फ्लोराइड मोकळं सुटतं. कॅल्शियम आणि फ्लोराइड यांचा तराजू शरीरात आहे तसाच जमिनीखालीही आहे. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

एकाच संस्थानातली दोन टोकं

दख्खनचा काळा पाषाण पूर्वेकडे कायम राहत नाही. नांदेडच्या पलीकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूला तो संपत जातो आणि ग्रॅनाइट, नाइस असले जुने खडक वर येतात. तेच खडक पुढे तेलंगणात पसरलेले आहेत. यांच्यात फ्लोराइड असलेली खनिजं जास्त. आज मध्ये राज्याची सीमा आहे, पण १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. किनवट तर तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं. म्हणून नलगोंड्याचा इतिहास हा आपल्यासाठी परक्या राज्याचा इतिहास नाही.

या रोगाचा सुगावा आधी गुरांत लागला. १९३४ साली महाजन यांनी हैदराबाद संस्थानातल्या काही भागांतल्या गुरांच्या अशा आजाराबद्दल लिहिलं. १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातल्या माणसांमधल्या फ्लोरोसिसवर शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये आला. आणि १९५५ साली सिद्दीकी यांनी नलगोंडा जिल्ह्यातल्या रुग्णांचं वर्णन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं.

जगातही हा शोध फार जुना नाही. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज नावाच्या गावी १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य आला. तिथे जन्मलेल्या मुलांचे दात चॉकलेटी डागांनी भरलेले, मात्र मोठेपणी तिथे आलेल्यांचे स्वच्छ. लोक म्हणायचे डुकराचं मांस खाल्ल्याने होतं, कुणी म्हणायचं दूध वाईट. मॅकेला पाण्याचा संशय होता, पण पाण्यातलं नेमकं काय, हे सापडायला तीस वर्षं लागली. १९३१ मध्ये अॅल्युमिनियम कंपनीतल्या चर्चिल या रसायनतज्ज्ञाने फ्लोराइड पकडलं. पण त्याआधीच आयडाहो राज्यातल्या ओकली गावाने, नुसत्या संशयावरून, आपली पाण्याची लाइन सोडून दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्यायला सुरुवात केली होती. मोठ्या मुलांचे डाग गेले नाहीत. पण त्यानंतर ज्यांचे दात घडले त्या धाकट्यांचे दात स्वच्छ आले. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण या रोगावर औषध नाही म्हणून हात टेकायचं कारण नाही. उगम बदलला की पुढची पिढी वाचते, हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे.

बहात्तरचा दुष्काळ आणि हातपंप

आता मराठवाड्याच्या आठवणीतला मोठा दुष्काळ, १९७२ चा. विहिरी कोरड्या पडल्या, जनावरं विकली गेली, माणसं खडी फोडायला गेली. रोजगार हमीची सुरुवात त्यातली, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली, तिची चर्चा कमी होते. आपण जमिनीत खोल गेलो.

तोपर्यंत आड आणि विहिरी हाताने खणल्या जायच्या. काळा पाषाण फोडत पन्नास-साठ फूट जाणं म्हणजे वर्षाचं काम. हवेच्या दाबावर चालणारी छिद्रणयंत्रं आली आणि तेच काम दिवसा-दोन दिवसांत दीडशे-दोनशे फुटांपर्यंत व्हायला लागलं. १९६७ पासून युनिसेफने अशी यंत्रं भारतात आणायला सुरुवात केली होती.

छिद्र खोल गेलं, पण पाणी वर काढायचं कसं? घरगुती वापराचे परदेशी नमुन्याचे बिडाचे पंप गावाच्या वापराने महिनाभरात मोडत. इथे जालन्याचं नाव घ्यायला हवं. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १ मे १९८१ ला झाला. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनच्या कामातून साठच्या दशकात एक दणकट पोलादी हातपंप तयार झाला, त्याचं नावच ‘जालना पंप’. त्यात नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याला सुधारणा झाल्या, मग सोलापूरला झाल्या. या सोलापूर पंपावरून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ घडला. पुढे तो भारतभर आणि आफ्रिकेतही गेला. आज कुठल्याही गावाच्या वेशीवर जो पंप दिसतो, त्याच्या वंशावळीत आपलं जालना आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

या पंपांनी माणसं जगवली. उघड्या बारवेत पाय बुडवून पाणी भरण्यातून नारू व्हायचा. बंदिस्त पाण्याने तो मार्ग तोडला, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पटकी, हगवण कमी झाली. बायांची पायपीट कमी झाली. हे सगळं खरं आहे, आणि पुढचं ऐकताना ते विसरायचं नाही.

पण त्या वेळी पाणी तपासायचं म्हणजे जंतू तपासायचे, अशीच सगळ्यांची समजूत होती. खोल पाणी जंतूंपासून सुरक्षित, म्हणजे ते शुद्ध, असं धरून चाललं. खडकाशी पाण्याचा संग जितका जुना, तितकं खडकातलं पाण्यात उतरतं. काळ्या पाषाणाच्या बऱ्याच भागात यातून फार बिघडलं नाही. पण जिथे खालचा खडक वेगळा, किंवा कॅल्शियम हरवलेलं जुनं पाणी हाती लागलं, तिथे फ्लोराइड वर आलं. नांदेडच्या पूर्व पट्ट्यात, यवतमाळच्या पांढरकवडा परिसरात, चंद्रपूरकडे. पांढरकवड्याच्या भूजलातल्या फ्लोराइडवरचा अभ्यास २००७ मध्ये करंट सायन्समध्ये आलेला आहे.

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. मानक सांगतं, लिटरमागे १ मिलीग्रॅमपर्यंत चांगलं; दुसरा उगमच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं. त्याच्या वर दातांवर डाग दिसायला लागतात. तीनच्या वर, वर्षानुवर्षं प्यायल्यावर, हाडांना त्रास होऊ शकतो.

आणि हे डाग नुसते डाग राहत नाहीत. दात पिवळे म्हणजे पोरगी दात घासत नाही, किंवा घरात मिसरी लावतात, असा अर्थ लोक काढतात. मुलं तोंडावर हात धरून हसतात. लग्न ठरवताना दातांवरून बोललं जातं. ज्या मुलीने आठ वर्षांची होईपर्यंत गावच्या पंपाचं पाणी पिण्यापलीकडे काही केलं नाही, तिच्यावर हा ठपका येतो. म्हणून ओळख सांगून ठेवतो. मिसरीचा, तंबाखूचा डाग दातावर बाहेरून बसतो आणि दंतवैद्याने घासला की बराचसा निघतो. फ्लोरोसिसचे पट्टे आडवे असतात, डाव्या-उजव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर सारखे असतात आणि घासून जात नाहीत.

गुडघे आणि ज्वारी

आता हिशेबाची दुसरी बाजू, ताट. सारखंच फ्लोराइड असलेलं पाणी पिणाऱ्या दोन घरांत सारखाच त्रास होत नाही. का?

१९७३ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी लॅन्सेटमध्ये एक निबंध लिहिला. फ्लोरोसिस असलेल्या आंध्रच्या गावांत तरुण मुलांचे गुडघे आत वळत होते, पाय फाकत होते, आणि हाडं विरळ झाली होती. जुन्या फ्लोरोसिसमध्ये हाडं दाट व्हायची, हा प्रकार वेगळा होता. पुढच्या शोधात असं दिसलं की नागार्जुनसागर धरणानंतर आसपासच्या जमिनीतली पाण्याची पातळी वर आली, जमिनीची घडण बदलली आणि तिथल्या ज्वारीत मॉलिब्डेनम हे धातुखनिज वाढलं. मॉलिब्डेनम वाढलं की शरीरातून तांबं जास्त बाहेर पडतं. आणि हाडातल्या प्रथिनांची वीण घट्ट बसायला तांबं लागतं. त्यात या घरांच्या जेवणात कॅल्शियम मुळातच कमी.

बघा, एका रोगात किती खनिजं गुंतलेली आहेत. फ्लोराइड जास्त, कॅल्शियम कमी, मॉलिब्डेनम जास्त, तांबं कमी. दोष ज्वारीचा नाही. ज्वारी पिढ्यानपिढ्या आपण खातो. बदललं ते पाणी आणि त्यामुळे माती.

पण ज्वारीवर सगळा भार टाकता येत नाही, हेही खरं. १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम २५ ते ३० मिलीग्रॅमच्या आसपास. दिवसाला तीन भाकरी खाल्ल्या तरी शंभराच्या आतच. पूर्वी याची भरपाई कशातून व्हायची? ताकातून, दुधातून, तिळाच्या नि जवसाच्या चटणीतून, शेवग्याच्या पाल्यातून, राजगिऱ्याच्या भाजीतून. १०० ग्रॅम तिळात हजार मिलीग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. त्यातलं सगळंच अंगी लागत नाही, पण भाकरीच्या मानाने ते पुष्कळ आहे.

आता आजचं चित्र बघा. अनेक घरांत सकाळचं दूध डेअरीला जातं, कारण हातात पैसा त्यातूनच येतो, आणि घरातली माणसं कोरा चहा पितात. चहाचं झाड जमिनीतलं फ्लोराइड पानांत साठवतं. म्हणजे कॅल्शियम विकलं आणि फ्लोराइड प्यायलं. कुणाची चूक म्हणून आम्ही हे सांगत नाही. हातातोंडाची गाठ घालणाऱ्या माणसाला तराजूत काय टाकावं लागतं, ते सांगतो आहोत.

तुरटी, चुना आणि जार

उपाय शोधले गेले नाहीत असं नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने १९७५ मध्ये पाण्यातलं फ्लोराइड काढायची एक पद्धत मांडली, तिला नाव दिलं ‘नलगोंडा तंत्र’. साहित्य काय, तर तुरटी आणि चुना. ठरलेल्या मापाने घालायचे, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं. आपल्या आज्या घागरीत तुरटी फिरवायच्या, तसंच वाटतं. पण तेवढ्याशा तुरटीने फ्लोराइड जात नाही. माप पुष्कळ जास्त लागतं आणि ते पाण्यानुसार बदलतं. रोज कुणीतरी मापायचं, गाळ कुठे टाकायचा ते बघायचं, पाण्यात अॅल्युमिनियम उरत नाही ना हे तपासायचं. तंत्र स्वस्त होतं, पण रोज निगराणी ठेवणारा माणूस नसेल तर ते चालत नाही.

दुसरा उपाय ओकलीचा : उगम बदलणं. आपल्या शहराने तेच केलं. १९७६ मध्ये जायकवाडीचं उद्घाटन झालं, आणि आज शहर नाथसागराच्या पाण्यावर जगतं. नदीचं, धरणाचं पाणी खडकात मुरून बसलेलं नसतं, म्हणून त्यात फ्लोराइड सहसा कमी असतं. पण नळ कित्येक दिवसांनी येतो, मग गल्लीगल्लीत बोअर होतात, टँकर येतात, आणि तो टँकर कुठल्या बोअरचा, हे कुणी विचारत नाही.

तिसरा उपाय बाजाराने दिला, जारचं पाणी. उलट परासरणाच्या यंत्राने, म्हणजे आरओने, फ्लोराइड खरंच कमी होतं. जिथे फ्लोराइड जास्त आहे तिथे ते जरूर वापरावं. पण ते यंत्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही काढून टाकतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या, फ्लोराइड कमी असलेल्या जड पाण्याला आरओ लावलं, तर पातेल्यावरचा पांढरा थर जातो आणि तो जो पाव हिस्सा आम्ही मघाशी मोजला, तोही जातो. म्हणजे एका गावाला जे औषध, ते दुसऱ्या गावाला विनाकारण खर्च. ठरवायचं कशावरून? पाण्याच्या तपासणीवरून. चवीवरून किंवा जाहिरातीवरून ठरत नाही.

आता काय करायचं

शेवटी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, आकडा मागा. जिल्ह्यात भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, जलजीवन मिशनमध्ये गावपातळीवर तपासणीचे संच दिले जातात. ग्रामपंचायतीत नुसतं ‘पाणी शुद्ध आहे’ एवढं ऐकून उठू नका. फ्लोराइड किती, हे विचारा. एक आणि दीड हे दोन आकडे पाठ ठेवा. एकाच गावात दोन पंपांचं पाणी वेगळं असू शकतं, म्हणून प्रत्येक उगमाचा आकडा मागा. आणि नवं बोअर खोल गेलं तर पुन्हा मागा. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा जास्त खोलीला ‘खोल विहीर’ म्हटलं आहे. ती मर्यादा पाणी टिकावं म्हणून आहे, पण पाण्याच्या गुणवत्तेसाठीही खोलीचा विचार करायला ती आठवण पुरेशी आहे.

दुसरी, चांगल्या पाण्याचा पहिला हक्क लहान मुलांना आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायांना द्या. गावात एकच सुरक्षित पंप असेल तर तो अंगणवाडीला आणि शाळेला. धुणं-भांडी दुसऱ्या पंपावर होऊ देत. आठ वर्षांची मुदत आहे. ती गेली की दाताचं काम कुणालाच करता येत नाही.

तिसरी, ताट. ताक, तीळ, नाचणी, शेवगा, हिरवी भाजी, आणि थोडं ऊन. चिंचेबद्दलही एक गोष्ट. राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये मुलांवर केलेल्या अभ्यासात, जेवणात चिंच दिल्यावर लघवीवाटे जास्त फ्लोराइड बाहेर पडल्याचं दिसलं. म्हणून चिंच हे औषध झालं असं नाही. पाणी बदलायला तो पर्याय नाही. पण आमटीतली चिंच काढून टाकायचं कारणही नाही. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारून. कुणाचे मूत्रपिंड कसे आहेत, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं वर्षातले पाच-सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या पाण्यावर काढतात. त्यांची मुलं कुठल्या एका गावच्या तपासणीत बसत नाहीत. उद्या कुणी त्यांचे दात वाचायला बसलं, तर त्यात चार-पाच विहिरी निघतील, आणि त्यांतल्या कुठल्या विहिरीचं पाणी कुणी तपासलं होतं, हे तेव्हा विचारून उपयोग नसेल. ते आज विचारायचं आहे.

 आता प्रश्न घेऊ. ज्यांच्या गावच्या पाण्याचा अहवाल हाताशी असेल, त्यांनी तो पुढे आणावा. आपण सगळे मिळून तो वाचू.